बांधाच्या आत

मी कुपवाडला लेथवर असतो.
जुना पिस्टन रुमालात बांधून चेलना मगदूम आली,
तेव्हा विचारलं, कशाचा गं हा?
म्हणाली, आमच्या अण्णांच्या पायाचा.

मग सगळं सांगितलं.
शहाऐंशी साली आजोबांनी बंदरावरच्या लिलावात
एक खोकं घेतलं, आत काय ते न बघता.
निघालं ते असं : पुढं एक चाक, मागं दोन,
फुग्यासारखे टायर, त्यांत हवा जेमतेम,
स्प्रिंग कुठंच नाही, टायर हीच स्प्रिंग,
आणि असा लाल रंग
की उमदीच्या वाटेवरची म्हसरं दावं तोडायची.

दस्तगीर मुलाणी पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला, अण्णा,
वळायचं म्हटलं की ही हट्टाला पेटणार.
अंग आत झुकवा, भार बाहेरच्या पायावर द्या,
आणि काही झालं तरी पाय खाली टेकू नका.

अण्णांनी टेकला.
तोल गेला की सायकलवाला टेकतो तसा,
आणि स्वतःच्याच गाडीचं मागचं चाक
स्वतःच्याच पोटरीवर चढून गेलं.
मिरजेच्या दवाखान्यात तीन महिने.
गाडीवर कडबा.
कडब्यावर सदतीस वर्षं.

परदेशात म्हणे असं लई जणांचं झालं,
शेवटी विकणंच थांबवलं.
चालवणं नाही हं काका, विकणं.
आणि आता तिकडं म्हातारी माणसं
शेडातून त्याच गाड्या बाहेर ओढतायत,
नव्या रिंगा, नवे टायर, जुनेच गुडघे.

मी बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून दिला.
पैसे निम्मेच घेतले.
का, ते मलाही सांगता येणार नाही.

सांगलीला आरटीओत तिघं गेलो.
साहेब चांगला माणूस.
फोटो आडवा धरला, उभा धरला.
बसायचं घोड्यासारखं, हँडल मोटारसायकलचं,
पण चाकं तीन.
चाकं तीन, पण रिक्षा नाही :
मीटर नाही, हूड नाही, मागं आईवडिलांचा आशीर्वाद नाही.
ट्रॅक्टर म्हणावं तर नांगर कुठाय.
फॉर्मवरच्या चौकोनांवरून त्याचं पेन
उगाच एक चक्कर मारून आलं.
शेवटी म्हणाला, हिचं पासिंग होणार नाही.
बांधाच्या आत गाडी तुमची, माती तुमची.
बांधाबाहेर एक चाक जरी आलं तरी जप्ती.

चेलनानं विचारलं, कुठलं चाक?

अण्णा काठी टेकत उठले,
दोन पाय, एक काठी.
म्हणाले, मीबी तीनावरच येतो साहेब,
हमरस्त्यानं, बिनपासिंग.
साहेब हसला.
शिक्का काही मारला नाही.

गट नंबर दोनशे चौदा.
डाळिंब काढून टाकलेलं, नुसता मुरूम आणि कुसळं.
चौथ्या किकला सुरू झाली,
पत्र्याच्या डब्यात कुणी हरभरे ओतत राहावं तशी.
अण्णा मधोमध खुर्ची टाकून,
ती भोवतीनं फेऱ्या मारतेय,
हे एकच ओरडतायत : पाय! पाय वर!

मलाही बसवलं एकदा.
पहिल्याच वळणाला डावा पाय आपोआप निघाला,
पन्नास वर्षं जमिनीवर भरवसा ठेवलेला पाय तो.
खुर्चीवरून काठी हवेत गेली.
मी पाय ओढून घेतला, अंग झुकवलं,
आणि गाडी वळली,
मनात नसताना पाहुणा जेवायला थांबतो तशी.

परवा भल्या सकाळी बांधावर गेलो.
मुरमात तीन पट्टे येतात, वळतात, माघारी जातात.
एकाच जागी मधला पट्टा
बांध ओलांडून डांबरावर आलेला.
वीतभर.
दुधाची गाडी अजून गेली नव्हती.
माझ्या आधीच अण्णा तिथं उभे.
काठीच्या रबरी टोकानं
डांबरावरची लाल माती सावकाश घासत होते,
मधेच थांबून रस्त्याकडं बघायचे,
कुणी येत नाही ना,
आणि पुन्हा घासायचे.